रेषांमधलं पॉलिश

‘तळहाताच्या रेषा काळवंडतात’ एवढं तिने फळ्यावर लिहिलं आणि पूर्णविराम द्यायच्या जागी खडू टेकवून ती तशीच उभी राहिली. हे वाक्य ती दरवर्षी लिहीत आली होती. नर्सिंगच्या मुलींना मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या त्या दोन ग्रंथी शिकवायच्या, तर त्यांचं काम थांबल्यावर काय होतं हेही सांगावं लागतं, आणि या वाक्याशी आल्यावर ती हमखास म्हणायची, “ज्योतिषाच्या आधी नर्सने हात बघायला हवा.” मुली हसायच्या, वाक्य उतरवून घ्यायच्या, घंटा व्हायची. आज हसवायची वेळ आली आणि तिला विनोद आठवेना. त्याऐवजी तिच्या डोळ्यांपुढे सकाळी दारात धरलेले दोन तळहात आले. “बघ, इतके घासले. निघतच नाही,” असं दाढ काढायला निघालेला नवरा म्हणाला होता, आणि पर्समध्ये किल्ली शोधत ती म्हणाली होती, “दाढेच्या डॉक्टरला दाढ दाखवायचीय, हात नाही. जन्मभराचं पॉलिश एका सकाळीत कसं निघेल?” तळवे घासून लाल झाले होते आणि त्या लालीत रेषा तेवढ्या काळ्या उठून दिसत होत्या. तिने त्या बघितल्या होत्या. बघून ती बसस्टॉपकडे धावत गेली होती.

नवऱ्याचं लाकडाच्या पॉलिशचं दुकान होतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून त्यात बुडवायचा, आणि खुर्चीच्या पाठीवरून, कपाटाच्या दारावरून गोल गोल फिरवत राहायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे त्याच्या हातांना रंग असायचाच. नखांच्या कडांना, पेरांच्या घड्यांमध्ये, तळव्याच्या रेषांत. लग्नाच्या आधी आईने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, “तू कॉलेजात शिकवणार, आणि त्याचे हात बघितलेस का?” ती म्हणाली होती, “बघितले, म्हणून तर.” तेव्हापासून ते हात तिच्या इतके ओळखीचे झाले की तिने ते बघायचंच सोडून दिलं. पण दुकानाला कुलूप लागून वर्ष होत आलं होतं. कातडी महिन्याभरात जुनी टाकते आणि नवी घालते, हेही याच वर्गात, याच फळ्यावर, जूनमध्ये तिनेच शिकवलं होतं. मग बोळ्याला हात न लावलेल्या माणसाच्या रेषांत हे पॉलिश आलं कुठून?

“मॅडम, पुढे?” पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. पुढचं तिला तोंडपाठ होतं आणि तेच आता नको होतं. वजन घटतं: त्याच्या पट्ट्याला तिनेच तापलेल्या खिळ्याने नवं भोक पाडून दिलं होतं, वर “आता कसे सडपातळ दिसता” म्हणून कौतुकही केलं होतं. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते: तो उठताना भिंत धरायचा, आणि ती म्हणायची, भिंतीला आधार देताय होय? मीठ खावंसं वाटतं: सफरचंदावर मीठ, काकडीवर मीठ, एकदा तर भर दुपारी स्वयंपाकघरात तळव्यावर मीठ घेऊन चाटताना तिने त्याला पकडलं होतं. चोरी पकडल्यासारखा तो हसला, तीही हसली, आणि रक्तदाब वाढेल म्हणून मिठाची बरणी तिने वरच्या फळीवर ठेवली. तिने! मीठ धरून ठेवणारं हॉर्मोनच बनत नसेल तर ते सगळं लघवीतून वाहून जातं, म्हणून बिचारं शरीर मीठ मागतं, हे अर्ध्या तासापूर्वी या मुलींना सांगून झालं होतं. यादीतलं शेवटचं कलम उरलं होतं. अशा रोग्याला ताप, जखम, शस्त्रक्रिया, फार काय साधं दात काढणंही झेपत नाही. रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस हातचा जातो. तिने घड्याळाकडे बघितलं, खडू ठेवला, “आजचा तास एवढाच,” म्हणाली आणि हात न धुताच जिना उतरली.

टॅक्सीत बसल्यावर तिने त्याच्या मोबाइलवर फोन लावला. तो वाजत राहिला, म्हणजे तो नेहमीप्रमाणे फ्रिजवर ठेवलेला होता. फोन खिशात घेऊन हिंडणं म्हणजे गळ्यात घंटा बांधणं, असं नवऱ्याचं मत. दवाखान्याचा फोन सारखा व्यस्त लागत होता. “जरा लवकर घ्या,” ती टॅक्सीवाल्याला म्हणाली. “घेतो की, पण पुढे गाड्या उभ्यात, बाई. उडून जाऊ का?” तो म्हणाला, पण आरशात तिचं तोंड बघून त्याने रेडिओ बंद केला. तिची छाती धडधडत होती, तळवे गार पडले होते, तोंडाला कोरड पडली होती, आणि सवय काही जात नाही म्हणतात तसं ती हे सगळं आतून बघतही होती. हे ग्रंथीच्या गाभ्याचं काम. घाबरल्याबरोबर क्षणात. आणि आता त्याच्या पाठोपाठ ग्रंथीचे बाहेरचे थर कामाला लागले असतील. त्या थरांविषयी बोलताना तिला नेहमी भरतं यायचं. कोलेस्टेरॉल म्हटलं की लोक नाकं मुरडतात, पण या ग्रंथी त्याच बदनाम मालाला आत घेतात, त्याची शेपटी छाटतात, मग एक एन्झाइम इथे थोडं तासतं, दुसरं तिथे एक तुकडा जोडतं, आणि एकाच फळीतून खुर्ची, स्टूल आणि टेबल निघावं तशी तीन थरांतून तीन तऱ्हांची हॉर्मोन्स निघतात. बाहेरच्या थरातून मीठ राखणारं. मधल्या थरातून कॉर्टिसॉल, जे रक्तात साखर सोडतं, रक्तदाब धरून ठेवतं, पहाटे माणसाला जागं करून उभं करतं. आतल्या थरातून थोडा पुरुषी माल, जो बायकांतही असतो, हे ऐकून मुली हमखास खुदखुदतात. आणि यातलं काहीच साठवून ठेवता येत नाही. गोदाम नाही. गरज पडेल तेव्हा ताजं बनवायचं आणि लगेच रक्तात सोडायचं. इथे सिग्नलला अडकलेल्या टॅक्सीत तिचं शरीर एका दाढेसाठी ताजं कॉर्टिसॉल बनवत होतं, आणि ज्याची दाढ होती त्याच्याकडे ते बनवणारं कुणी उरलं नसावं. आपल्यातलं ओंजळभर काढून त्याला देता आलं असतं तर तिने आता या क्षणी दिलं असतं.

ती पहिल्यांदा त्याच्या दुकानात गेली होती ती एका टेबलासाठी. वसतिगृहातल्या खोलीतलं टेबल, त्यावर कुणीतरी गरम इस्त्री ठेवून डाग पाडलेला, आणि सोडून जाताना भरपाई मागतील म्हणून ती घाबरलेली. तो टेबलाभोवती एक फेरी मारून म्हणाला होता, “डाग जाईल, पण घाई केलीत तर राहील.” मग तिने घाई केली नाही. रोज कॉलेज सुटलं की ती टेबल बघायला जायची. पॉलिशचा एक हात सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे त्याने तिला सांगितलं ते इतक्या वेळा की शेवटी तिलाच शंका आली, हे टेबल खरंच अजून ओलं आहे का? नव्हतंच. त्याने ते लग्नानंतर कबूल केलं. तसा तो वादाला पक्का. ‘पण’ हा शब्द काढून घेतला तर मुका झाला असता. ती म्हणाली पूर्व, की हा म्हणणार, पूर्व खरी, पण थोडी ईशान्येकडे. संध्याकाळी दुकानातून यायचा तो स्पिरिटचा वास आणि एखादी ताजी कुरबुर घेऊनच. पहाटे उजाडायच्या आधी उठून शीळ घालत चहा करायचा, त्या शिळेने तिची झोपमोड व्हायची आणि तिथून दिवसाचा पहिला वाद सुरू व्हायचा. भांडणाऱ्या बायकोचं दुःख जगाला दिसतं. पण भांडणारा नवरा आवडतो असं सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही, म्हणून ती कधी सांगायची नाही.

आणि मग मागच्या वर्षी तो एका संध्याकाळी लवकर घरी आला, किल्ल्या टेबलावर ठेवून म्हणाला, “पुरे झालं लाकूड. आता तुझ्याजवळ बसायचंय.” दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये तिने ते सगळ्यांना सांगितलं, अगदी लायब्ररीवाल्या कडक बाईंनाही, आणि त्या बाई चष्मा काढून म्हणाल्या, “नशीब काढलंत.” नशीबच म्हणायचं. हे वर्ष किती सुखाचं गेलं होतं! ती घरी यायची तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत असायचा. वर्गातली एकेक गोष्ट ती सांगायची आणि तो ऐकायचा, मध्ये न तोडता, ‘पण’ न म्हणता, तिच्याकडे बघत. शीळ बंद झाली होती, ती म्हणायची, चला, झोप पुरी होते. तिच्या हातावर हात ठेवून तो तासन्‌तास बसायचा. इतक्या वर्षांनी हा माणूस पिकला, गोड झाला, असं तिला वाटलं होतं. कृतज्ञ वाटलं होतं. आता टॅक्सी पुलावर रेंगाळत असताना मात्र तिच्या मनात वेगळाच विचार आला. ते प्रेम होतं की रक्तात सोडियम कमी होतं? खुर्चीतून उठवत नसेल तर माणूस खुर्चीत बसणारच. वाद घालायला त्राण नसेल तर ऐकून घेणारच. ‘तुझ्याजवळ बसायचंय’ यातलं ‘बसायचंय’ तेवढंच खरं असेल तर? आयुष्यातलं सगळ्यात हळुवार वर्ष म्हणून तिने जे मनाशी धरलं होतं, ते एखाद्या पाठ्यपुस्तकातल्या लक्षणांच्या यादीत बसून गेलं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, औषध मिळालं की तो बरा होणार. बरा झाला की तो पुन्हा पहिल्यासारखा होणार आणि हा खिडकीजवळचा माणूस नाहीसा होणार. त्याच्या जिवावर बेतलेलं असताना आपण आपल्या वर्षाचा हिशोब करतोय, याची तिला लाज वाटली. तरी विचार काही हटला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो काय असतो हे तिला कळत होतं, आणि त्या अंधारात ती वर्षभर आनंदाने बसली होती हेही. मेंदूच्या तळाशी लोंबणारी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी खालच्या त्या दोन ग्रंथींकडून उत्तर येत नाही म्हणून जोरजोरात हाका मारत राहते. आणि ज्या मालातून ती हाक बनते त्याच मालातून कातडीला गडद करणारा निरोपही सुटतो. म्हणून रेषा काळ्या होतात. त्याचं शरीर वर्षभर हाका मारत होतं आणि ती त्याला साबण देत होती.

“आलं तुमचं ठिकाण,” टॅक्सीवाला म्हणाला. सुटे घ्यायला ती थांबली नाही. दवाखान्याचा जिना चढताना तिने देवाला काही कबूल केलं नाही, कारण कबूल करण्यासारखं जवळ काय आहे हेच तिला आठवेना. दार ढकललं. रिसेप्शनवाली कानाला फोन लावून कुणाशी तरी हसत लांबलचक गप्पा मारत होती. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, भिंतीला डोकं टेकून, गाल सुजलेला, चेहरा मेणासारखा, तिचा पॉलिशवाला बसला होता. दाढेसकट.

“तू कशी काय आलीस?” त्याने डोळे किलकिले करून विचारलं. “तास नव्हता?”

“तुमचा नंबर कधीच होऊन गेला असेल ना? मग?”

तो जरा ओशाळला. “एक आजी आल्या, त्यांना फार दुखत होतं. मग एक शाळेची मुलगी, तिची परीक्षा होती. मग एक गृहस्थ, त्यांना... त्यांना तसं काही नव्हतं, पण ते घाईत दिसले.”

रिसेप्शनवालीने फोनवर हात ठेवून सांगितलं, “अहो मॅडम, सकाळपासून सगळ्यांना पुढे पाठवतायत. मी म्हटलं सुईला घाबरतात बहुतेक. आणि डॉक्टरांनी मध्ये बाहेर येऊन नुसतं तोंड बघून विचारलं, हिरड्या काळ्या दिसतायत, तंबाखू खाता का, तर हे रागावले.”

“आयुष्यात खाल्ली नाही,” तो पुटपुटला. “रागावलो कुठे, रागवायलाही दम लागतो.”

ती त्याच्याशेजारी बसली. जन्मभर ज्या भित्रेपणाची तिने थट्टा केली होती, इंजेक्शन म्हटलं की भित्री भागूबाई होणारा म्हणून चारचौघांत हसली होती, त्याच भित्रेपणाने त्याला आज खुर्चीत खिळवून ठेवलं होतं. त्याचा हात हातात घेऊन तिने तळवा उलटा केला. मग त्याचा ओठ बोटाने वर करून हिरडी बघितली, आणि भर वेटिंगरूममध्ये बायको आपलं तोंड उघडून बघतेय म्हणून तो लाजला. “दाढ राहू दे,” ती म्हणाली. “समोरच्या हॉस्पिटलात जायचंय. आत्ता.” तो उठला आणि उठता उठता त्याच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला रंगही गेला. तिने त्याला कमरेला धरलं. किती हलका झाला होता तो! रस्ता ओलांडताना त्याचं सगळं वजन तिच्या खांद्यावर होतं आणि तरी तिला ते पुरेसं वाटत नव्हतं.

तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि मशीन बदलून आणायला सांगितलं. मग त्याची नजर तळव्यांवर गेली. “हे काय?” “पॉलिशचं,” नवऱ्याने सांगितलं. “धंदा होता माझा.” “अच्छा, बरोबर,” म्हणून डॉक्टर सुटल्यासारखा पुढच्या प्रश्नाकडे वळला. ते किती सोपं होतं हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. तिने एक वर्ष असंच ‘बरोबर’ म्हटलं होतं. “दुकान बंद होऊन वर्ष झालंय, डॉक्टर,” ती म्हणाली. आवाज वर्गातल्यासारखा यावा असा प्रयत्न केला, पण तो मध्येच फाटला. “ते पॉलिश नाही. हिरड्या बघा, कोपरं बघा. आधी रक्त घ्या आणि रिपोर्टची वाट न बघता कॉर्टिसॉलचं इंजेक्शन द्या, पाया पडते तुमच्या.” डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने पुन्हा तो हात उचलला, खिडकीच्या उजेडात नेला, आणि सिस्टरला हाक मारली.

दुपार ओसरेपर्यंत सलाइन चालू होतं. इंजेक्शन देताना नवऱ्याने डोळे मिटून तिचं मनगट इतकं आवळलं होतं की तिथे बोटं उमटली होती, आणि ती बोटं जाऊ नयेत असं तिला उगीचच वाटत होतं. मोठे डॉक्टर येऊन सांगून गेले: शरीराच्या राखणदार पेशींनीच त्या ग्रंथी खाऊन टाकल्या असाव्यात. कुंपणानेच शेत खाल्लं, तिच्या मनात आलं. आता रोज गोळ्या, जन्मभर. ताप आला तर दुप्पट. दाढ काढायची तीही आधी डोस वाढवून. “पण माणूस ठणठणीत राहतो,” ते म्हणाले. ती मान डोलवत होती. खिडकीतून ऊन सरकत त्याच्या पायांवर आलं. कातडीखाली कुणीतरी एकेक दिवा लावत जावा तसा त्याचा चेहरा हळूहळू उजळत होता, आणि ती ते बघत होती आणि भीतही होती. हा कोण उठून बसणार आता?

त्याने डोळे उघडले. खोलीभर बघितलं. भूक लागलीय म्हणाला. असं तो किती महिन्यांत म्हणाला नव्हता. मग पलंगाशेजारच्या छोट्या कपाटावरून त्याने अंगठा फिरवला.

“याला पॉलिश म्हणतात का?” तो म्हणाला. “नुसतं वार्निश फासलंय. बुडबुडे बघ.”

“हॉस्पिटलात लोक कपाटं बघायला येत नाहीत.”

“खरंय. पण...” तो म्हणाला, आणि तो शब्द ऐकून तिचे डोळे भरून आले. आनंद झाला होता, खरोखरच झाला होता, आणि त्या आनंदाच्या पोटात काहीतरी निरोप घेत होतं. तिने तोंड फिरवून सलाइनच्या थेंबांकडे बघायला सुरुवात केली.

त्याने कपाटावरचा हात मागे घेतला. मग नेहमीपेक्षा हलक्या आवाजात म्हणाला, “तुला एक सांगायचंय. दुकानाचं. तुझ्याजवळ बसायचंय म्हणून बंद केलं म्हणालो, ते खोटं होतं.”

“हात वर जात नव्हता,” ती म्हणाली. “कळलं मला. टॅक्सीत.”

“बोळा फिरवताना खांदा भरून यायचा. एका माणसाचं कपाट मी तसंच परत दिलं, अर्ध्यावर. लाज वाटली. म्हटलं, तुला काय सांगायचं? म्हातारा झालो म्हणून सांगायचं? म्हणून ते बोललो. तू ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंस, तेव्हा तर तोंडच शिवलं गेलं.”

“मग वर्षभर मी बडबडायचे, ते ऐकत होतात, ते?”

“अर्धं ऐकू यायचं,” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “झोप यायची गं. पण तू बोलत असलीस की बरं वाटायचं.”

अर्धं. एका वर्षातलं अर्धं तरी तिचं होतं, आणि ते नक्की कुठलं अर्धं हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. बाहेरच्या पॅसेजमधून ट्रॉली गेली. तिने विचारायचं नाही असं ठरवलं होतं आणि तरी विचारलं, “मग आता उघडाल दुकान?”

“उघडणार की. हात चालला तर उघडणारच.” तिचा चेहरा बघून त्याने तिचा हात जवळ ओढला, मनगटावर उमटलेल्या आपल्याच बोटांवरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, गोल गोल. “पण दुपारपर्यंतच.”

“आणि दुपारनंतर?”

“दुपारनंतर घरी येईन,” तो म्हणाला. “ते खोटं बोललो होतो ना, ते खरं करायचंय.”